लक्षाची अफरातफर

शाखेत माझ्या टेबलावर दुसरा मॉनिटर आला, तेव्हा मला बढती मिळाल्यासारखेच वाटले. पगार तेवढाच राहिला, ही गोष्ट अलाहिदा.

फायदा आहे, खोटं कशाला बोला? एका पडद्यावर नमुन्याची सही, दुसऱ्यावर खाते. पूर्वी एक खिडकी मिटून दुसरी उघडेपर्यंत मघाचा आकडा डोक्यातून पसार व्हायचा. विंडोज ९८ ने तर १९९८ सालीच एका यंत्राला नऊ पडदे जोडायची सोय केली होती. त्यांच्यापुढे रावण बसवावा. दहावे तोंड गिऱ्हाइकाशी बोलायला मोकळे!

मला तोंड एकच. परवा एक पेन्शनर आजी काउंटरवर आल्या. माझा डावा डोळा त्यांच्या खात्यावर, उजवा हेड ऑफिसच्या ईमेलवर. त्या काही सांगत होत्या. मी मान हलवून म्हणालो, "वा, छान!"

आजी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, हे गेले. त्यांचं नाव कमी करायला आलेय मी."

एका कामाचे दोन कागद शेजारी मांडणे वेगळे आणि एक माणूस दोन कामांत वाटणे वेगळे, हे बी.कॉम.ला कुणी शिकवले नव्हते. पडदे दोन झाले, तरी लक्षाचे खाते एकच. इकडे जमा करायचे तर तिकडे नावे पडणारच. बँकेत लाखाची अफरातफर केली तर चौकशी बसते. लक्षाची केली तर तिला कार्यक्षमता म्हणतात!

हल्ली समोर माणूस आला की मी ईमेलचा पडदा भिंतीकडे वळवतो. साहेबांनी कारण विचारले. म्हटले, "डोळ्यांवर उजेड येतो."