गोदान पुरे केव्हा होते?

सज्जनहो, दानाचा महिमा आपण नेहमी ऐकतो. पण दान पुरे कोठे होते, याचा विचार क्वचितच करतो. यजमानाने हातावर पाणी घेतले, 'न मम' म्हटले, की दान झाले, अशी आपली समजूत. संकल्पापुरते ते खरेच आहे. परंतु ज्याच्या हाती गाईचे दावे दिले, त्याच्या कोठ्यात ती गाय वर्षाने उभी आहे की नाही, हे कोणी पाहायचे?

कठोपनिषदाचा आरंभच या काट्याने होतो. वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेत गाई दिल्या. कशा? तर म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा विण्याची आशा नसलेल्या! लहानगा नचिकेत ते पाहून अस्वस्थ झाला. बाप गाई मोजीत होता. पोर मात्र, त्या गाई घेणाऱ्याच्या दारी जाऊन काय करतील, ते पाहत होते. एकच दान, पण दोन दृष्टी.

यावर कोणी शंका घेईल, "बुवा, ती भाकड गाईंची गोष्ट झाली. उत्तम दुभती गाय दिली म्हणजे तर अडचण नाही ना?" याचे उत्तर आपल्याच मुलखात आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वऱ्हाड हादरले होते. 2006 च्या जुलैत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिच्यात जास्त दूध देणारी जनावरे शेतकऱ्याला अर्ध्या किमतीत देण्याची योजना होती. हेतू चांगलाच होता. दूध विकावे, रोज चार पैसे हाती यावेत, सावकाराचे दार चुकावे.

पण झाले काय? मोठ्या दुभत्या गाईला दिवसाला हिरवा-वाळला मिळून 25-30 किलो चारा लागतो, वर ढेप लागते, उन्हाळ्यात 60-70 लिटर पाणी लागते. आमच्या लोहाऱ्याकडच्या काळ्या मातीत पूर्वी ज्वारी होती, तोवर घरोघरी कडब्याची गंजी होती. कापूस आणि सोयाबीन वाढले, ज्वारी हटली, तिच्याबरोबर कडबाही गेला. उरले ते कुटार. जिथे माणसाच्या पाण्याची मारामार, तिथे गाईने काय करावे? पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी 'द हिंदू' पत्रात अशा घरांची हकीकत लिहिली. दुधाच्या पैशाहून जनावराच्या खाण्याचा खर्च वर जात होता, आणि दारात आलेली लक्ष्मी घरच्यांना ओझे झाली होती. गाय भाकड नव्हती हो! देणाऱ्याची नजर भाकड होती.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहायला सांगितले आहे. देश म्हटले की आपल्याला काशी, पंढरी आठवते. माझ्या मते गाय ज्या कोठ्यात बांधायची, तिथली वैरण, तिथली विहीर, हाही देशच होय.

आता त्याच 2006 साली आफ्रिकेतल्या रवांडा देशात काय झाले ते ऐका. 1994 च्या भीषण नरसंहारातून तो देश कसाबसा उठत होता. तिथल्या सरकारने 'गिरिंका' नावाची योजना काढली. 'तुझ्या घरी गाय असो' असा त्या शब्दाचा अर्थ. तो त्यांचा जुना आशीर्वादच आहे. गरीब घराला एक गाय द्यायची. पण आधी चाऱ्यापुरती जमीन आणि गोठा आहे का, ते पाहायचे. आणि एक नियम असा, की तिची पहिली कालवड गरजू शेजाऱ्याला द्यायची. आजवर 4 लाखांहून अधिक गाई अशा दिल्या गेल्या आहेत. तिथेही काही अधिकाऱ्यांनी गाई लाटल्या, भलत्यांना दिल्या, आणि त्यांच्यावर खटले झाले. माणूस सगळीकडे सारखाच. पण नियम मात्र मोलाचा आहे.

हा नियम त्याआधीही जगात होता. अमेरिकेतला डॅन वेस्ट नावाचा एक शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात भुकेल्या पोरांना कपाने दूध वाटीत असे. त्याला वाटले, कप आज पुरेल, उद्याचे काय? त्यापेक्षा गायच द्यावी. 1944 साली त्याच्या संस्थेने पहिल्या कालवडी पोर्तो रिको बेटावर धाडल्या. तिथेही अट हीच, पहिली कालवड दुसऱ्या घरी.

आता खरी शंका येते ती ही. अट घातली तर दान निष्काम कसे? 'दिले ते दिले' हेच खरे दान नव्हे काय? याला समाधान असे. त्याच रवांडात जुन्या काळी धनवान माणूस गरिबाला गाय देई आणि त्याबदली त्याला पिढ्यान्पिढ्या चाकरीत बांधून घेई. 'उबुहाके' म्हणत त्या चालीला. 1954 साली ती बंद झाली. गाय तीच, अटही दोहोंकडे आहे. पण एक अट दात्याकडे परत वळते, आणि दुसरी दात्याला पाठ करून पुढे चालते. जी परत वळते ती गुलामी. जी पुढे चालते तीत दात्याचा लाभ काहीच नाही, मग कामना उरलीच कोठे?

आपल्या शास्त्राने ऋण असेच फेडायला सांगितले आहे. पितृऋण बापाच्या हाती परत देऊन फिटत नाही, ते संतती वाढवून फिटते. ऋषिऋण ऋषीला द्रव्य देऊन फिटत नाही, विद्या शिकावी आणि पुढे शिकवावी तेव्हा फिटते. मग गोऋण तरी मागे का फेडावे? ज्याने आयुष्यभर घेण्यासाठीच हात पसरला, तो कालवडीचे दावे धरून शेजाऱ्याच्या दारी जातो, तेव्हा त्याचा हात प्रथमच वर होतो. दूध पोट भरते हे खरे, परंतु तो वर झालेला हात माणसाची मान ताठ करतो.

म्हणून सांगणे एवढेच. गोदानाच्या नावाने ताम्हनात नाणे ठेवून मोकळे होण्याची चाल आता घरोघर आहे. ज्याला ऐपत असेल त्याने गावातल्या एखाद्या कोरडवाहू घराला कालवड द्यावी. नसेल ऐपत, तर चौघांनी मिळून एक शेळी द्यावी. देण्याआधी कोठा पाहावा, पाणी पाहावे, कुटार-कडबा पाहावा. दिल्यावर वर्षभर विचारपूस करावी. स्वतःसाठी काही मागू नये, नमस्कारही नाही. फक्त म्हणावे, "बाप्पा, पहिली कालवड शेजारी जाऊ दे."

ती शेजारच्या दावणीला बांधली गेली, त्या दिवशी गोदान पुरे झाले.