दाव्याला बांधलेलं वासरू



काल आपण तेराव्या अध्यायातलं आर्जव पाहिलं. आज त्याच्या पुढचं लक्षण, आचार्योपासना. गीतेत हा एकच शब्द आहे. ज्ञानेश्वर माऊली मात्र इथे पानंच्या पानं थांबतात, जणू पुढच्या शब्दाकडे जावंसंच वाटत नाही. निवृत्तीनाथांची आठवण येत असणार, दुसरं काय.

सुरुवातीलाच एक चित्र येतं. शिष्य गुरूपासून लांब, आपल्या गावी राहतोय. गुरूनंच तसं सांगितलंय म्हणून राहतोय. देह इथे आणि जीव तिकडे. गुरूच्या गावाकडून वारा आला तरी हा धावत सामोरा जातो आणि त्यालाच घरी चला म्हणतो. माऊली म्हणतात, त्याची गत दाव्याला बांधलेल्या वासरासारखी आहे. हे दावं कधी सुटेल एवढाच त्याला ध्यास, आणि एकेक क्षण युगासारखा.

लांब राहणाऱ्या प्रत्येकाला हा भाग गोड लागतो. मी तो एप्रिल 2021 मध्ये फार सोयीनं वाचला. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

बाबांना 2019 च्या दिवाळीनंतर लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शेगावच्या घरी खालच्या खोलीत पलंग, त्यावर हवेची गादी, लघवीसाठी नळी. आई तेव्हा सदुसष्टची, सगळं तीच करायची. अकोल्याची एक सिस्टर महिन्यातून एकदा येऊन नळी बदलून जायची. मी पुण्यात, हिंजवडीत नोकरीला. मी काय केलं, तर पलंगासमोर कॅमेरा लावला. अंधारातही दिसणारा, चांगला महागाचा.

दुसऱ्या लाटेत आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी तपासून तिला घरीच, वरच्या खोलीत वेगळं राहायला सांगितलं. बाबा निगेटिव्ह. सिस्टरचं स्वतःचं घर क्वारंटाइन झालेलं, त्यामुळे ती येऊ शकत नव्हती. आता बाबांना कुशीवर कोण वळवणार?

केंद्र सरकारनं 27 एप्रिल 2020 ला घरी विलगीकरणात राहण्याचे नियम काढले होते. त्यात एक अट होती की काळजी घेणारा माणूस चोवीस तास घरात हवा आणि तो दवाखान्याच्या संपर्कात हवा. वाचायला साधं वाक्य आहे. पण आपल्या वऱ्हाडातल्या किती घरांत तो चोवीस तासांचा माणूस पुण्यात नाहीतर बंगलोरला बसलेला होता! बाकी सोयी झाल्या होत्या. लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. पुढे 13 एप्रिलला ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली आणि घरबसल्या डॉक्टरांशी बोलता यायला लागलं. आईच्या बोटाला ऑक्सिमीटर होता, तिचे आकडे मला पुण्यात कळत होते. (हे यंत्र ज्यांच्यामुळे आलं ते ताकुओ आओयागी, जपानी इंजिनिअर, याच महामारीत 18 एप्रिल 2020 ला गेले. इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट उगाचच जवळची वाटते.) म्हणजे डॉक्टर घरात पोचले, आकडे घराबाहेर पोचले. माणसाला कुशीवर वळवायला मात्र दोन हातच लागतात.

ते हात गल्लीतल्या एका काकांचे निघाले. वय बासष्ट. ते मंदिरात सेवेकरी. ज्यांनी शेगाव पाहिलंय त्यांना सांगायला नको: पांढरे कपडे, पाळी आली की हजर, एक रुपया नाही, उलट घरून भाकर बांधून येणारी माणसं. मार्च 2020 मध्ये मंदिर बंद झालं. नोव्हेंबरात राज्यातली देवळं उघडली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. काकांची पाळी पुन्हा बुडाली. ते अंगणात उभे राहून आईला खालूनच म्हणाले, "वहिनी, मंदिर बंद हाय. माही पाळी इथं लावा."

त्यांनी आयुष्यात कधी आजाऱ्याचं काही केलेलं नव्हतं. सिस्टरनं त्यांना व्हिडिओवर शिकवलं. सकाळी आठला आणि रात्री आठला ती फोनवर यायची, आणि मीही त्या कॉलवर असायचो. तिची पद्धत बघण्यासारखी होती. कमरेच्या खालची कातडी लाल दिसतेय म्हटल्यावर ती स्क्रीनकडे बघून काही ठरवायची नाही. म्हणायची, "काका, बोटानं दाबा. सोडल्यावर तिथं पांढरं होतं का? नाही होत? मग बाजूला हाताची पाठ लावून बघा, तिथं जास्त गरम लागतं का?" दाबल्यावर जो लालपणा जात नाही तो जखमेचा पहिला निरोप असतो, आणि तो फोनच्या रंगात नीट कळत नाही. नळीच्या पिशवीबद्दल पहिला प्रश्न, "वास कसा येतोय?" आधी वास, रंग नंतर. कॅमेऱ्याला नाक नसतं, कातडी नसते. ती काकांचं नाक, काकांची बोटं उसनी घ्यायची. आणि उसनं घेतलेलं ज्या अदबीनं वापरतात तसं वापरायची. प्रत्येक कॉलच्या शेवटी विचारायची, "काका, तुम्ही जेवले का?"

माझी पद्धत वेगळी होती. मी शीट केली. दर दोन तासांनी कूस, रकान्यात वेळ, न केल्यास लाल रंग. ऑफिसात सर्व्हर पडला की जसा अलर्ट वाजतो तसा मोबाइलवर अलार्म. एका रात्री तीनला उठून कॅमेरा पाहिला. बाबा एकच्या कुशीवर तसेच, आणि काका खुर्चीत भिंतीला टेकून बसलेले. मी फोन लावला. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. आवाज चढलेला होता एवढं पुरे.

काका हळू आवाजात म्हणाले, "बाबू, आताच डोळा लागला त्याइचा. रातभर कण्हत होते. अर्ध्या घंट्यानं करतो."

फोनही त्यांनी खोलीबाहेर जाऊन घेतला होता. बाबांना जाग येऊ नये म्हणून.

कण्हणं मला कळलंच नव्हतं. कॅमेऱ्याचा आवाज मी बंद ठेवलेला असायचा. आवाजानं झोपमोड होते ना.

आता परत आजच्या पाठाकडे या. तेराव्या अध्यायात भगवंत अमानित्वापासून ही जी लक्षणं मोजतात, त्यांना शेवटी काय म्हणतात? सद्गुण म्हणत नाहीत, पुण्य म्हणत नाहीत. ज्ञान म्हणतात. हे म्हणजे ज्ञान, बाकीचं अज्ञान. आचार्योपासना, म्हणजे कुणाच्या तरी पायाशी बसून सेवा करणं, ही ज्ञानाच्या यादीत आहे. मी हा श्लोक शाळेत पाठ केलाय, पण सेवेला ज्ञान का म्हणायचं हा प्रश्न मला त्या रात्रीपर्यंत पडला नव्हता. माझ्याकडे सगळी माहिती होती: वेळा, तापमान, पिशवीत किती मिली. बाबा कण्हत होते आणि आत्ताच झोपले आहेत, हे ज्ञान खुर्चीत बसलेल्या माणसाकडे होतं. दोन तासांचा नियम चुकीचा नव्हता, सिस्टरनंच घालून दिला होता. पण नियम आणि बाबा यांच्यामध्ये बसायला जागा असते, आणि त्या जागेवर काका बसले होते.

मग लांबून केलेली शुश्रूषा खोटी का? तसं म्हणवत नाही. सिस्टरही लांबच होती, अकोल्यात, स्वतःच्या घरात अडकलेली. तिच्यामुळे बाबांची पाठ फुटली नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही. स्वतः अंथरुणाला खिळलेली असताना तिनं इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, आलेली उत्तरं वाचली आणि 1863 च्या रॉयल कमिशनच्या अहवालात इथल्या पाण्याचं, गटारांचं वास्तव मांडलं. तीही विचारत होती. जो जागेवर आहे त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं, हे धरून विचारणं एक आणि त्यानं काम केलं की नाही हे तपासणं दुसरं. अंतर सिस्टरला आणि मला सारखंच होतं, म्हणून दोष अंतरावर ढकलायला मला जागा उरत नाही.

माऊलीही वासराच्या चित्रावर थांबत नाहीत. हे मी तेव्हा सोयीनं सोडून दिलं होतं. पुढे तोच शिष्य म्हणतो, गुरूंचं छत्र मी धरीन, खडावा मी घालीन, दारावर मी उभा राहीन, स्वयंपाक मी करीन, आणि गुळणी टाकायचं भांडंसुद्धा मीच होईन. भांडं! मनातल्या भक्तीची इतकी उंची गाठल्यावर माऊलींना गुळणीचं भांडं आठवतं. काका रोज सकाळी लघवीची पिशवी रिकामी करायचे, तेव्हा "जय गजानन" म्हणायचे. मला आधी ते जरा विचित्र वाटायचं.

आणि दाव्याचं काय? 22 एप्रिल 2021 च्या रात्री आठपासून जिल्ह्याबाहेर जायला बंदी आली, हे खरं. पण वैद्यकीय कारणासाठी ई-पास मिळत होता. मी अर्ज भरायला घेतला आणि सोडून दिला. कारणं होती. बाहेरून येऊन मीच बाबांना कोरोना दिला तर? घरी तीन वर्षांची मुलगी. रिलीज तोंडावर. कारणं खोटी नव्हती, पहिलं तर अगदी रास्त होतं. पण काकांनाही घरी नातवंडं होती, आणि त्यांना लसीचा एकच डोस झाला होता. जो धोका मला नको होता तो बासष्ट वर्षांचा माणूस माझ्या बापासाठी घेत होता आणि मी त्याला वेळेचे रकाने पाठवत होतो. पुंडलिकानं साक्षात विठ्ठलाला विटेवर थांबवलं, मला एक मॅनेजर थांबवता आला नाही.

पोथीतल्या शिष्याचं दावं गुरूच्या आज्ञेचं आहे. माझं कुणी बांधलं होतं? थोडं सरकारनं, थोडं भीतीनं, आणि थोडं मीच. कुठला पीळ कुणाचा हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. एक खूण मात्र आहे. 7 जूनला निर्बंध सैल झाले. वासरू सुटल्यावर काय करतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी शेगावला पोचलो 28 जूनला.

त्या दिवसांतली एक गोष्ट राहिली. आई वरच्या खोलीतून रोज संध्याकाळी फोनवर बाबांना गजानन विजय वाचून दाखवायची. मध्ये जेमतेम चौदा पायऱ्या, पण त्या तिला पुण्याइतक्याच लांब. काका फोन बाबांच्या डाव्या कानाशी धरून उभे राहायचे. आईला दम लागायचा, ती थांबायची, पुन्हा वाचायची. तिसऱ्या अध्यायात जानराव देशमुखांचं आजारपण आहे. महाराज बंकटलालच्या घरी, देशमुख आपल्या घरी अंथरुणावर, शेवटच्या घटका मोजत. महाराजांच्या पायाचं तीर्थ तिकडे नेलं गेलं आणि ते वाचले. आपण सगळे तीर्थाची थोरवी सांगतो. मला हल्ली तिथे दुसरंच दिसतं: शेगावच्या त्या रस्त्यानं कुणीतरी हातात भांडं धरून, सांडू न देता, चालत गेलं होतं.

मी पोचलो तेव्हा आई बरी झालेली होती. काकांना मी पैसे देऊ केले, त्यांनी हात जोडले. माफी मागायचं ठरवून आलो होतो. ते म्हणाले, "ते जाऊ दे, आधी हात धुऊन ये." मग बाबांना कुशीवर घेऊन त्यांनी माझा हात धरला, उलटा केला आणि बाबांच्या कमरेखाली टेकवला. "इथं पाय. आता इकडं पाय. लागलं गरम?" मला फरक कळला नाही. त्यांनी पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा कळला.

7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला, देवळं उघडली आणि काका आपल्या पाळीवर गेले. बाबा पुढे वर्षभर होते. मला घरून काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा महिन्यातले दहा-बारा दिवस मी शेगावात असायचो. उरलेले दिवस आई आणि सिस्टर, आणि पाळी नसेल तेव्हा काका. कॅमेरा काढला नाही, पण आवाज चालू केला.

उद्या याच श्लोकातलं पुढचं लक्षण, शौच.

जय गजानन.