विरोधकाची सही

नांदेडच्या एका परिसंवादात आमचे एक विद्वान मित्र म्हणाले, सूर्याला पक्ष नसतो. तेव्हा विरोधकांनी मोठ्या सौर प्रकल्पांना मुकाट पाठिंबा द्यावा आणि तालुक्यातल्या जाणत्या मंडळींनी त्यासाठी त्यांच्या दारी निवेदनं घेऊन जावं. टाळ्या पडल्या. सूर्याला पक्ष नसतो हे कबूल. पण पॅनेलखालच्या जमिनीला मालक असतो, युनिटला दर असतो आणि करारावर कुणाची तरी सही असते. राजकारण तिथूनच सुरू होतं, ते विरोधकांनी करायचं नाही तर कुणी?

आमच्या बिलोलीची पहिली अडचण म्हणजे निवेदन द्यायला विरोधक सापडला पाहिजे. आमच्या देगलूर राखीव मतदारसंघात जितेश अंतापूरकर २०२१ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून निवडून आले आणि २०२४ ला भाजपकडून. अशोक चव्हाण त्याच वर्षी फेब्रुवारीत पुढे गेलेलेच होते. २०२४ च्या विधानसभा निकालात विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेने लागतात तेवढ्या, म्हणजे २८८ पैकी २९ जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत; त्यांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या पदरात पडल्या २०. अशा दिवसांत निवेदनावर पुढाऱ्याचं नाव शाईने लिहावं, पक्ष पेन्सिलने.

मग विरोधकांचा नाद सोडून थेट सत्ताधाऱ्यांकडेच जावं, असं कुणालाही वाटेल. हिशेब मात्र उलटा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहतो आणि त्यावर शेतीचा फीडर दिवसा चालतो. करार २५ वर्षांचा. तेवढ्या काळात विधानसभेच्या पाच निवडणुका होतात. आज सही करणारा तोवर कुठे असेल, कुणास ठाऊक; आज विरोधात बसलेल्याला मात्र कधी ना कधी तो करार पाळावा लागणार आहे.

एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प आठवा. १९९५ च्या प्रचारात आमच्या मराठवाड्याचे गोपीनाथ मुंडे तो प्रकल्प समुद्रात बुडवायला निघाले होते. युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, फेरवाटाघाटी झाल्या आणि दाभोळचा प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. २००१ मध्ये वीज मंडळाने ती महागडी वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षाअखेर अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. आंध्रात २०१९ ला जगनमोहन रेड्डी सत्तेवर आले आणि त्यांनी आधीच्या सरकारच्या सौर-पवन करारांचे दर पुन्हा ठरवायला घेतले. उच्च न्यायालयात ते टिकलं नाही, पण निकाल यायला २०२२ उजाडलं. दोन्हीकडे विरोधकाला कराराच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, आणि सत्तेवर येताच त्याने हिशेब विचारला.

इथे मला बाबासाहेबांकडे जायचंय. मित्रांच्या भाषणात तेही होते, पण फक्त हारात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर वीजही त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हे सांगून ते थांबले नाहीत. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, आणि खासगी असेल तर लोकहितासाठी कोणत्या अटी घालायच्या, हे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. आज सौर प्रकल्प खासगी कंपन्या उभारतात आणि महावितरण वीज घेतं. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण परस्पर देऊन टाकलं, दुसरा तसाच पडलाय.

याच बाबासाहेबांनी १९५२ मध्ये पुण्याच्या वकिलांना विरोधी पक्ष कशाला हवा ते समजावलं. मतदाराला नकाराधिकार मिळतो तो पाच वर्षांनी. मधल्या काळात सरकारला तिथल्या तिथे जाब विचारणारा कुणीतरी सभागृहात लागतो. वर्तमानपत्रं जाहिरातीच्या उत्पन्नापायी सरकारचीच बाजू जास्त छापतात, हेही त्यांनी तिथेच सुनावलं. या हिशेबाने मुकाट पाठिंबा देणारा विरोधक सौरऊर्जेच्याही कामाचा नाही.

सौर प्रकल्प मला हवेत, त्यात आडपडदा नाही. थंडीत रात्री दोनला लाईट येते म्हणून बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला दिवसाची वीज काय असते ते विचारावं. मांजरेपलीकडे तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज. इकडच्या सीमेवरच्या गावांनी तिकडे जायची भाषा केली ती काही तेलुगूच्या प्रेमापोटी नव्हे. तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातली पहिली सभा नांदेडलाच का घेतली, तेही यावरून उमगतं.

अडचण जमिनीची आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. योजनेत हेक्टरी सालाना सव्वा लाख रुपये भाडं आहे. आमच्याकडच्या कोरडवाहू सोयाबीनच्या रानाला एवढा खंड सहसा कुणी देत नाही. पण तो मिळणार सलग रान असलेल्याला. त्या रानात खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या हाती काय? पॅनेल धुवायला चार माणसं पुरतात. आणि खासगी जमीन जुळली नाही की नजर गायरानाकडे वळते. मराठवाड्यात गायरान नुसतं चराऊ कुरण नाही. भूमिहीन दलितांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं ते रान आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करायचं शासनाने १९९१ मध्ये ठरवलं, तरी सातबाऱ्यावर नाव न चढलेली माणसं आजही सापडतात. नकाशात ती जागा मोकळी दिसते. तारेचं कुंपण पडलं की कसणारा उपरा ठरतो.

तेव्हा मित्रांचं निवेदन मी जरा बदलून नेईन. प्रकल्पाला पाठिंबा द्या, पण लेखी आणि अटींसह. गायरान देण्याआधी ग्रामसभेत कसणाऱ्यांची यादी वाचली जावी आणि त्यांचे जुने दावे निकाली निघावेत. भाड्यातला ठरलेला वाटा तिथल्या मजुरांसाठी राखला जावा. करार मराठीत गावच्या चावडीवर लागावा. आणि तुमचं सरकार आलं तर दर मोडणार की पाळणार, तेही आजच लिहून द्या. हाच कागद सत्ताधारी आमदारांकडेही न्यायचा. नकार आला, तर कुणाचा आणि कोणत्या अटीला, हे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.