आज्ञाधारकपणाची मर्यादा

सांगितले तेवढे निमूटपणे करणारा निर्दोष ठरतो काय? संगणकाच्या आरंभकाळात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण मला आढळते.

स्टीव्ह वॉझनियाक यांनी ॲपलसाठी बेसिक भाषा रचली, तेव्हा असेम्बलर वापरणे त्यांना परवडत नव्हते. ६५०२ प्रोसेसरच्या आज्ञा कागदावर लिहून प्रत्येकीचा सांकेतिक आकडा त्यांनी हातानेच मांडला. अशा कामात मध्येच एक आज्ञा घातली की पुढच्या साऱ्या सरकतात, आणि त्यांचे पत्ते पुन्हा मोजावे लागतात.

असेम्बलरने ही हमाली संपविली. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्याच साली त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा मॅक्रो असेम्बलरही निघाला. आज्ञेच्या जागेला नाव द्यावे, पत्ता तो मोजतो. अनोळखी शब्द दिसला तर चूक दाखवितो. पण 'ॲड' हवे तेथे 'सब' लिहिले, तर बेरजेची वजाबाकी तो बिनतक्रार करून देतो. शब्द शुद्ध आहे ना, एवढेच त्याने पाहायचे. हेतू त्याला ठाऊकच नसतो. म्हणून दोष त्याला लागत नाही, लिहिणाराला लागतो.

आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकात 'आज्ञाधारक' असा शेरा कौतुकाने लिहितो. असेम्बलरलाही तो शोभेल. मुलाला मात्र हेतू कळतो. म्हणूनच 'सांगितले म्हणून केले' ही सबब त्याच्या तोंडी शोभत नाही. आज्ञा योग्य आहे काय, हे विचारणाऱ्या मुलासाठी आमच्या प्रगतिपुस्तकात कोणता शेरा आहे?