वारसा जिवंतपणीच सोपवावा



साठी-सत्तरी ओलांडलेल्या साधकांशी बोलताना एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. कोणी म्हणतात, "नातवंडांना मराठी वाचता येत नाही, माझ्यामागे पोथी कोण वाचणार?" कोणाला गावाकडच्या विहिरीची काळजी, कोणाला घरातल्या कुळाचाराची. हा प्रश्न संपत्तीचा नसतो. वाटण्या झालेल्या असतात, मृत्युपत्रही तयार असते. तरी मनात रुखरुख राहते की, आपण जे जगलो त्यातले पुढे काय उरणार?

ही रुखरुख म्हणजे मोहच, असे समजून तिला दडपू नका. आपल्याला पूर्वजांकडून मिळाले, ते पुढे गेले पाहिजे, ही ओढ पितृऋणाच्या जाणिवेतूनच येते. मात्र या ओढीला एक धोका आहे. पुढच्या पिढीची काळजी करता करता आपणच नकळत तिची वाट अडवून बसतो.

देवघरातले टाक

बडोद्यात अनेक पिढ्यांपासून राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील काकू सत्संगाला नियमित येतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. एके दिवशी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "सासूबाईंनी मला कुलदैवताचे टाक दिले. पन्नास वर्षे सांभाळले. आता पुढे कोणी घेणारेच नाही. मुलगा कामात, नातू परदेशात. हे टाक काय संग्रहालयात द्यायचे?"

शेजारी त्यांची सून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, वीस वर्षांत तुम्ही मला त्यांना कधी हात लावू दिलात का?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. काकूंनी मुद्दाम काही अडवून ठेवले नव्हते. चूक होईल, सोवळे मोडेल, ही भीती होती. पण घेणारी व्यक्ती रोज त्याच घरात वावरत होती आणि काकू मात्र घेणारे कोणी नाही म्हणून झुरत होत्या.

आपल्या प्रत्येकाच्या घरी असे काही टाक असतात. कोणाकडे हिशेबाची वही, कोणाकडे स्वयंपाकघर, कोणाकडे संस्थेचे पद. आपण ते दुसऱ्याच्या हाती देत नाही आणि मग घ्यायला कोणी नाही म्हणून दुःख करतो.

उपनिषदातला पिता काय सोपवतो?

ऋग्वेदाच्या परंपरेतील कौषीतकी उपनिषदात पित्याने पुत्राकडे वारसा सोपवण्याचा एक विधी सांगितला आहे. अंतकाळ जवळ आला असे वाटले की पिता पुत्राला बोलावतो. घरात नवे गवत अंथरलेले असते, अग्नी प्रज्वलित केलेला असतो, जवळ पाण्याचा कलश असतो. मग पिता एकेक गोष्ट पुत्राच्या ठायी ठेवतो. आपली वाणी, प्राण, दृष्टी, श्रवण, अन्नाचा स्वाद, कर्मे, सुखदुःखे, आनंद, मन. प्रत्येक गोष्टीला पुत्र आपण ती स्वीकारल्याचे उत्तर देतो.

या यादीत घर नाही, जमीन नाही, सोने नाही. पाहण्याची, ऐकण्याची, बोलण्याची, काम करण्याची रीत सोपवली जाते. शिवाय हे पित्याच्या मागे उघडायच्या कागदात लिहून ठेवलेले नाही. देणारा बोलू शकतो आणि घेणारा समोर आहे, तेव्हाच हे घडते. याला संप्रदान म्हणतात. आपला 'संप्रदाय' हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. नीट सोपवले जाते, तो संप्रदाय.

त्या विधीच्या शेवटी आणखी एक सूचना आहे. पिता त्या दुखण्यातून बरा झाला तर काय? तर त्याने पुत्राच्या सत्तेखाली राहावे, नाहीतर घर सोडून परिव्राजक व्हावे. एकदा सोपवले ते सोपवले. बरे वाटले म्हणून किल्ल्या परत मागायच्या नाहीत.

बंधू-भगिनींनो, आपल्याला जड जाते ते हेच. द्यायला आपण तयार असतो, पण दिल्यावरही ते आपल्याच पद्धतीने चालावे असे वाटते.

मुळांचे पूल

मेघालयातील खासी लोक ओढ्यांवर झाडांच्या जिवंत मुळांचे पूल घडवतात. वडाच्या कुळातील रबराच्या झाडाची हवेत लोंबणारी मुळे पोफळीच्या पोकळ खोडांच्या आधाराने पलीकडच्या काठाकडे वळवतात. पूल भरवशाचा व्हायला अनेकदा दोन-तीन दशके लागतात. उतारवयात ज्याने पहिले मूळ वळवले, त्याला त्यावरून चालायला मिळेलच असे नाही. पुढे कोणते मूळ कुठे गुंफायचे, हेही तो ठरवत नाही. ते काम त्यावरून चालणारी पिढी करते, आणि तसे करत राहिली तरच पूल टिकतो.

पुढच्या पिढीची खरी काळजी अशी असते. ती आपल्या रक्ताच्या नात्यापुरती थांबत नाही. ज्यांना मूलबाळ नाही, त्यांच्यासमोरही शिकायला उत्सुक असलेले कोणी ना कोणी असते. शेजारचे मूल, संस्कारवर्गातला विद्यार्थी, केंद्रावर नव्याने येणारा तरुण. त्यांच्या हाती सोपवलेलेही संप्रदानच आहे.

एक छोटा संकल्प

या महिन्यात एवढे करून पाहा.

१. आपल्याजवळची एकच गोष्ट निवडा. एखादे स्तोत्र, एखादी कला, घराचा एखादा रिवाज किंवा सेवेची एखादी जबाबदारी.

२. ती कोणाला द्यायची ते ठरवा आणि त्या व्यक्तीला विचारा, "तुला हे घ्यायला आवडेल का?" तिने नकार दिला, तर रागावू नका. दुसरी गोष्ट शोधा किंवा दुसरी व्यक्ती.

३. आपण ते का जपले, हे सांगा. कृतीबरोबर तिच्यामागचा भाव गेला नाही, तर केवळ ओझे जाते.

४. मग हात मागे घ्या. विचारले तर सांगा, न विचारता सुधारू नका. त्या वेळी येणारी अस्वस्थता साक्षीभावाने पाहणे, हीच त्या दिवसाची साधना.

त्या वर्षीच्या नवरात्रात काकूंच्या घरी घट सुनेने बसवले. ऑफिसला जायचे असल्याने पुरणाऐवजी शिऱ्याचा नैवेद्य झाला. घटातले धान्य एका बाजूला दाट उगवले, दुसऱ्या बाजूला विरळ. काकू पुढच्या सत्संगात म्हणाल्या, "जिभेच्या टोकावर दहा सूचना आल्या होत्या. एकही बोलले नाही. आरतीला मी टाळ्या वाजवत मागे उभी राहिले आणि पहिल्यांदाच देवीकडे नीट पाहिले. इतकी वर्षे मी फक्त तयारीकडेच पाहत होते."

ज्याला आपण वारसा म्हणतो, तो आपल्याही हाती कोणीतरी विश्वासाने सोपवलेला होता. त्या क्षणी आपल्यालाही सगळे कुठे येत होते? तोच विश्वास आता आपण पुढे देऊ या. देताना हात थरथरला तरी चालेल, मूठ मात्र उघडी असू द्या.

सर्वांचे मंगल होवो.