‘शनिवार पेठ’ची लांबी किती?

मी राहतो त्या ‘शनिवार पेठ’ या दोन शब्दांची लांबी किती? तीन प्रोग्रॅमिंग भाषांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. गो म्हणते 28, पायथन म्हणते 10, स्विफ्ट म्हणते 7.

खोटं कुणीच बोलत नाही. गो बाइट मोजते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मधली स्पेस एक. पायथन युनिकोडची चिन्हं मोजते. तिथे काना, मात्रा, वेलांटी सगळ्यांचा हिशोब वेगळा. स्विफ्ट वाचणाऱ्याला दिसतं ते मोजते : श, नि, वा, र, स्पेस, पे, ठ. इंग्रजीत ‘पुणे’ लिहा, तिघींचं उत्तर एकच येईल. म्हणूनच हा फरक अनेकांच्या लक्षातही येत नाही.

आता समजा, कुणीतरी पत्त्याचा फॉर्म हाताळणारी लायब्ररी लिहिली आणि मर्यादा ठेवली 20 बाइटची. ‘शनिवार’ आणि स्पेस मिळून 19 होतात. विसाव्या बाइटवर ‘प’चे तुकडे होतात आणि स्क्रीनवर प्रश्नचिन्हाचा चौकोन उरतो. नुसता ‘शनिवार’ हा वार झाला, पत्ता नाही. लायब्ररी मात्र लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड, सगळीकडे हेच करेल. म्हणजे ती पूर्णपणे पोर्टेबल आहे!

इथे माझा प्रश्न तांत्रिक राहत नाही. जावाने 1995 मध्ये ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असं सांगितलं, तेव्हा ‘कुठेही’ म्हणजे कुठल्याही मशीनवर. कुठल्याही माणसासाठी, असं त्यात नव्हतं. लायब्ररी लिहिणारा कधीही न भेटणाऱ्या लोकांच्या वतीने निर्णय घेतो. मग त्याची जबाबदारी कुठपर्यंत?

‘सगळ्यांनी स्विफ्टसारखं मोजावं’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. दिसणारी अक्षरं मोजायला अख्खा मजकूर चालत जावं लागतं. बाइटची संख्या गो लगेच सांगते. शिवाय ‘दिसणारं अक्षर’ म्हणजे काय, हेही बदलतं. ‘क्षमा’ हा शब्द युनिकोडच्या जुन्या नियमाने तीन अक्षरांचा होता : क्, ष, मा. 2023 च्या 15.1 आवृत्तीने जोडाक्षर एकसंध धरलं आणि तो दोन अक्षरांचा झाला. मराठी वाचकाच्या दृष्टीने हे बरोबरच झालं. पण एकाच कोडने जुन्या मशीनवर तीन आणि नव्यावर दोन सांगितलं, तर पोर्टेबिलिटी गेली. माणसाशी प्रामाणिक राहताना मशीनशी दिलेला शब्द मोडतो.

म्हणून मला रस्टची एक सवय आवडते. ‘या मजकुरातलं तिसरं अक्षर दे’ असं नुसता आकडा देऊन मागितलं, तर ती कोड कंपाइलच करत नाही. बाइट हवेत की चिन्हं, ते आधी सांगा. तिची ‘लांबी’ही बाइटमध्येच येते आणि दिसणारी अक्षरं हवी असतील तर बाहेरची लायब्ररी घ्यावी लागते. म्हणजे तीही काही आदर्श नाही. पण निदान या ठिकाणी ती गुपचूप चुकीचं उत्तर हातात ठेवत नाही, थांबवते.

भाषा घडवणाऱ्याला माझी पेठ माहीत असावी, अशी माझी अपेक्षा नाही. जगातल्या सगळ्या लिप्या एका माणसाला कळणारही नाहीत. पण लांबी मोजताना ‘कशाची?’ हा प्रश्न आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना पडेल अशी सोय करणं त्याच्या हातात आहे, आणि तेवढं त्याचं कर्तव्यही आहे.