दाराशीच अडखळण

धर्मग्रामाच्या संकेतस्थळाची मांडणी हा संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाचा प्रश्न समजला जातो. ख्रिस्तसभेने मात्र दाराची काळजी कधी नुसत्या सुतारावर सोडली नव्हती. इ. स. 251च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी एका पत्रात रोममधल्या सेवकवर्गाची मोजदाद दिली, तिच्यात द्वारपालही आहेत. पुढे द्वारपाल ही पुरोहितपदाकडे जाणाऱ्या वाटेवरची एक पायरी झाली, आणि पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये ती रद्द करेपर्यंत टिकली. पद गेले, येणाऱ्याला वाट सापडते की नाही हे पाहण्याचे काम कसे जाईल? वसईत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला आज चर्चचे दार आधी मोबाइलवर दिसते.

त्या दारात काय असते? बहुधा सरकत्या छायाचित्रांची माळ, सणाच्या व्यासपीठावरचे मान्यवर, लांबलचक शुभसंदेश. मिस्साच्या वेळा कुठेतरी तळाशी, त्याही स्कॅन केलेल्या कागदावर. अंधाला वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अशा चित्रापुढे मुके होते. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगले आसन आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे. पहिल्या पानावरची जागा हेही आसनच. मध्यरात्री आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी फादरांचा नंबर शोधणाऱ्याला ते आसन मिळत नसेल, तर तिथे कोणाला बसवले आहे हे उघड दिसते. (फोटो कोणाचा आधी, यावरून मात्र भरपूर चर्चा होते.)

यावर कोणी म्हणेल, श्रद्धा म्हणजे दुकान नव्हे. भाविकाला गिऱ्हाइकासारखे सगळे हाताशी कशाला द्यायचे, थोडे कष्ट पडू देत. आक्षेपात तथ्य आहे, पण कष्ट कोणते? पौलाने क्रूसावरच्या ख्रिस्ताला यहुद्यांसाठी अडखळण म्हटले, आणि त्याच पौलाने रोमकरांना भावाच्या वाटेत अडखळण ठेवू नका असे बजावले. पहिली अडखळण सुवार्तेतलीच, ती कोणी गुळगुळीत करू नये. फिकट करड्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे ही दुसरी. रविवारी वेदीवरून सूचना दिल्या जातातच, हा युक्तिवादही अपुरा आहे: त्या ऐकतो तो आधीच आत आलेला असतो. उरते ती भीती, पडद्याची सवय लागली की माणसे चर्चमध्ये येणार नाहीत. ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ या 2002 च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने इंटरनेटवर संस्कार होत नाहीत असे स्पष्ट सांगितले आहे. मग संकेतस्थळावर माणसाला रेंगाळत ठेवण्याचा खटाटोप तरी कशाला? सकाळच्या मिस्साची वेळ अर्ध्या मिनिटात कळली, फोन खिशात गेला आणि माणूस चालू लागला, एवढेच त्या पानाचे काम.